दुसऱ्या हाताची बांगडी

गडचिरोलीला आम्ही हौसेने गेलो नाही, आम्हाला तिकडे धाडण्यात आलं. हे मी माझ्या जेठांना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. नागपुरात सासऱ्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. सासरे गेल्यावर जेठांनी दुकान स्वतःकडे ठेवलं आणि माझ्या नवऱ्याला सांगितलं, "गडचिरोली नवा जिल्हा आहे. नोकरदार माणसं येऊन राह्यली. तिकडे स्कोप आहे." एवढा स्कोप आहे तर तुम्हीच का जात नाही, असं मी विचारलं. त्यावर घरात व्हायचं ते झालं.

मी आईच्या मागे टोपली घेऊन गल्लोगल्ली बांगड्या भरत मोठी झाले. गिऱ्हाइकाचा हात नुसता पाहून माप सांगायची, आणि तोंड पाहून भाव. लग्नानंतर त्या नागपूरच्या दुकानातली कितीतरी गिऱ्हाइकं मी जोडली होती. पण वाटणी भावाभावांत होते, त्यात सुनेच्या जिभेचा हिशेब कोण धरतो? जेठांनी जाताना एवढंच म्हटलं, "नाईच जमलं तर दिवाळीनंतर परत या. दुकानात दोघांले काम देईन." ते 'काम देईन' मी एसटीत बसल्यापासून मनात घोळवत होते. ज्या दुकानात मी मालकीण म्हणून बसले, तिथे मजुरीला बसायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. बाकी काहीच ठरलेलं नव्हतं.

धानोऱ्याच्या रस्त्यावर एका मावशींची पुढची खोली भाड्याने मिळाली. मावशी एकट्या राहायच्या, कान तिखट, गुडघे अधू. दुकान पुढे, आम्ही मधल्या खोलीत, मावशी मागे. मुलीची शाळा चालत जाण्याएवढी जवळ, दवाखाना त्याच्या पलीकडे, आणि डॉक्टर जेवत असले तरी हात धुऊन बाहेर येणारे. भाजी ताजी, हवा मोकळी, संध्याकाळी दारात बसलं तर समोरून जाणारा प्रत्येक जण थांबून बोलणार. पहिल्या महिन्यात मला वाटलं, जेठांनी चुकून आमचं भलंच केलं.

मग दुसरी बाजू कळायला लागली. मी सकाळी वांगी घेतली की दुपारी गिऱ्हाईक विचारायचं, "भाभी, आज वांगे केले काय?" वीज गेली की बसा अंधारात. पावसाळ्यात नदीला पूर आला की पूल बंद, नागपूरहून येणारा माल तिकडेच अडकायचा. पण हे सगळं चालून गेलं असतं. मला जड गेलं ते भांडण. नागपुरात मी रोज भांडायची. एक बाई रागावून गेली की तिच्या मागे दुसरी उभी असायची, तिला पहिलीचं नावही माहीत नसायचं. गडचिरोलीत रागावून गेलेली बाई कुठेच जात नाही. ती तिथेच राहते.

ज्यांच्याशी माझं वाजलं त्या बाई शाळेत शिकवायच्या. मुलीच्याच शाळेत, पण वरच्या वर्गांना. दसऱ्याच्या आधी हिरव्या बांगड्या भरायला आल्या. भाव करताना मला घाम फोडला, आणि खरं सांगायचं तर मला मजा आली. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी जोडीचं भेटलं होतं. शेवटी एका भावावर दोघी थांबलो. मी त्यांचे दोन्ही हात भरले, एकही बांगडी न फोडता, आणि डाव्या हाताला रिवाजाप्रमाणे वरची एक फुकट घातली.

बाईंनी उजवा हात तसाच पुढे धरून ठेवला.

"याले?" त्या म्हणाल्या.

"झाल्या की."

"वरची एक राह्यली ना. दोन्ही हाताले एक-एक वरची असते."

माझं डोकं फिरलं. भाव ठरल्यावर मागून काढलेली मागणी मला कधीच सहन झालेली नाही. मी म्हटलं, "वरची एक असते. एकच. आमच्याकडे तशीच पद्धत आहे."

"तुमच्याकडे म्हणजे कुठी?"

"नागपुरात."

"मंग नागपुरातच राह्यचं होतं ना, भाभी. इथी काऊन आल्या?"

हे त्यांनी सहज म्हटलं असेल. पण त्या वाक्याने माझ्या कुठल्या दुखण्यावर बोट ठेवलं, ते त्यांना काय माहीत. मी म्हणाले, "दुसरी मिळणार नाही. परवडत नसेल तर दुसरं दुकान पाहा." एवढंच म्हणाले. बांगड्या काढा असं मी म्हणाले नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. बाईंनी दोन्ही हातांतल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या, काउंटरवर ठेवल्या आणि मोकळ्या हातांनी भर बाजारातून घरी निघून गेल्या.

आमच्या धंद्यात हातात गेलेली बांगडी परत घेत नाहीत. पैसे बुडाले तरी चालतील, पण सवाशिणीचा हात रिकामा करून पाठवायचा नाही, हे आईने मला बांगडी धरायला शिकवली त्याच दिवशी शिकवलं होतं. मी ओरडून त्यांना थांबवायला हवं होतं म्हणतात. थांबवणार कशी, त्या रस्त्यावर पोचल्यासुद्धा होत्या.

शाळेच्या बाई भरदिवसा मोकळ्या हातांनी चालल्या आहेत, हे पाहून लोकांना जे वाटायचं तेच वाटलं. त्यांचे यजमान वनखात्यात कारकून होते. संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरी माणसं येऊन चौकशी करून गेली, "भाऊ बरे आहेत ना?" भाऊ अंगणात बसून चहा पीत होते. पहिल्याला त्यांनी हसून उत्तर दिलं. मग मात्र दार लावून आत बसले.

दुसऱ्या दिवसापासून गोष्ट पक्की झाली. नागपूरवाल्या भाभीने बाईंच्या हातातल्या बांगड्या उतरवून घेतल्या. मी ज्याला त्याला सांगत सुटले की मी उतरवल्या नाहीत. लोक मान हलवायचे आणि बाजारातल्या म्हाताऱ्या कासाराकडे जायचे. नवरा म्हणाला, "जाऊन माफी मागून ये ना." मी म्हटलं, "जे केलं नाही त्याची माफी? मग जेठांचीही मागते, त्यांनी मला हाकललं म्हणून." तो कधी कोणाला उलट बोलायचा नाही, म्हणून तर गडचिरोलीला आला.

त्या हिरव्या बांगड्या मी दोऱ्यात ओवून डब्यात ठेवल्या. हातातून उतरलेली बांगडी पुन्हा विकायची नसते.

दिवाळी तोंडावर आली, तरी दुकानात कोणी येत नव्हतं. नवऱ्याने जेठांना एसटीडी बूथवरून फोन केला. परत आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "विचारत होते, सामान बांधलं का." मी त्याला जेवायला वाढलं आणि स्वतः जेवले नाही. मुलगी तेवढ्यात सांगत होती की बाईंनी आज तिला शाळेच्या दारात उचलून सायकलवर बसवलं, चिखल होता म्हणून. याच बाई. मला कळेना, या गावात राग धरायचा तरी कसा.

त्याच आठवड्यात मावशी मागच्या दाराने आल्या आणि गव्हाच्या पोत्यावर बसल्या.

"मास्तरीणबाईच्या पोरीचं लग्न जमलं. पोरगी म्हणते, बांगड्या त्या नागपूरवाल्या भाभीच्याच पाह्यजे. कासाराकडे तसे रंग नाई म्हणते."

लग्नघरी बांगड्या भरायला बोलावणं म्हणजे काय, ते धंद्यातल्याला कळतं. नवरीचा चुडा, मग घरातल्या, मग गावाकडून आलेल्या सगळ्या बायांचे हात. धानोऱ्याकडच्या खेड्यांतून आलेल्या बाया दुकान पाहून जातात आणि बाजारच्या दिवशी पुन्हा येतात. एक लग्नघर मिळालं की सामान बांधावं लागत नाही.

"मग येऊ द्या त्यांना दुकानात," मी म्हटलं.

"ते येत नाई. म्हणते, त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाई. तू जा."

"मी गेले तर गल्ली म्हणेल, माफी मागायला आली."

"मंग माह्या ओट्यावर भेटा."

मी कबूल झाले. मावशी गुडघे धरत तिकडे गेल्या आणि परत आल्या. "ते म्हणते, ओटा दुकानाले लागून आहे. दुकानात आल्यासारखंच होते."

"मग शाळेत."

"शाळेत पोट्टे पाहतात म्हणते."

असा आमचा सौदा मावशींच्या पायांवर चालला. भाव पैशाचा नव्हता, कोणी किती पावलं चालायची याचा होता, आणि समोरची बाई तसूभर सोडायला तयार नव्हती. शेवटी मावशीच वैतागल्या. "माह्ये गुडघे गेले तुमच्या दोघींपायी. उद्या दोघी माह्या सांदवाडीत या. तू आतून ये, ते मागच्या गल्लीतून येईन. कोणी कोणाकडे नाई आली."

सांदवाडी म्हणजे मागचं अंगण. तिथे चिंचेखाली मावशींनी चटई टाकली होती. बाई आधीच येऊन बसल्या होत्या. मी समोर बसले. मुलीच्या बांगड्यांचे रंग, माप, किती जणींना भरायचं, सगळं बोलून झालं. भावही झाला, आणि दोघींनीही तो नीट घासून केला. मग बाई म्हणाल्या, "त्या कुठी आहेत?"

मी डबा बरोबर आणलाच होता. दोरा तोडला. बाईंनी हातातल्या कासाराकडच्या बांगड्या तशाच राहू दिल्या आणि हात पुढे केला. रागावलेला हात नीट मिटत नाही, अंगठ्याखालचं हाड आडवं येतं. साबणाचं पाणी लावून मी हळूहळू दाबत राहिले. डावा भरला. वरची एक त्यातच होती. मग उजवा भरला. बाईंनी तो मागे घेतला नाही.

मावशी पाहत होत्या. बाई माझ्याकडे पाहत होत्या. द्यावी तर मी हरले, न द्यावी तर लग्नघर गेलं.

मी म्हटलं, "या हाताची वरची मी लग्नघरी येऊन भरीन. नवरीचा चुडा झाल्यावर, सगळ्यांसमोर."

बाईंना हसू आलं. "पक्क्या आहात भाभी तुमी. म्हणजे बोलावणं आधी पाह्यजे."

"आधी बोलावणं, मग बांगडी."

लग्नात मी ती बांगडी भरली. तेव्हापासून आमच्या दुकानात दोन्ही हातांना वरची एक-एक मिळते, भाव त्या हिशेबानेच धरला जातो. जेठांशी फोनवर मीच बोलले. नवऱ्याच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि सामान आहे तिथेच राहील म्हणून सांगितलं.

आता घर आमचं आहे, दुकानही. बाई निवृत्त झाल्या आणि रोज दुपारी माझ्या दुकानात येऊन बसतात. कोणी नवीन बदलीवर आलेली बाई बांगड्या भरायला आली की तिला हमखास सांगतात, "या भाभीनं माह्या हातातल्या बांगड्या उतरवून घेतल्या होत्या, माहीत आहे काय?" मी नाही म्हणते. त्या हो म्हणतात. गिऱ्हाईक बाईंचंच खरं धरतं. मग मी त्यांच्यासाठी चहा मागवते आणि पुन्हा एकदा सांगते की मी काढा म्हणाले नव्हते.