बावीस अळ्या अन् सुनंदाकाकूंची रुई

चहा आधी पिऊन घ्या, नाही तं मधात ठसका लागन अन् नाव माझं येईन. अन् हे आधीच सांगते, ह्यात चूक फक्त माझी हाये. दुसऱ्या कोणावर ढकलता येते का, तेही मी लय शोधून पाह्यलं.

तं मी वाशिमची, गावातच गणिताचे क्लास घेते, अन् मोबाइलवर फुलपाखरांच्या बागेचे व्हिडिओ पाहून पाहून डोकं फिरलेली. त्यात सांगतलं होतं, बाहेरची फुलझाडं कायले आणता, आपली रानातली रुई लावा. माणसाएवढी उंच होते, वर्षानुवर्षं राह्यते अन् फुलपाखरं तिच्याकडे धावत येतात. झालं. शेलूबाजारहून येताना रस्त्याच्या कडेचं एक रोप घेऊनच आली मी.

आई म्हणाली, "रुई? तिले कोणी पाणी घालते का व? ते तं उकिरड्यावरही येते."

मी घातलं. दोन वर्षांत माझ्यापेक्षा उंच झाली. फूल मात्र एक नाही.

आता भिंतीपलीकडे पाहा. तिकडं सुनंदाकाकू. त्यांची रुई जुनी, फुलांनी लदलेली. अन् तेही फुलपाखरांसाठी नाही बरं का, दर शनिवारी मारुतीले पानांची माळ लागते म्हणून. मग फुलपाखरं कुठं? तिकडंच. नारिंगी, काळ्या काठाची, एका वेळी सात-आठ. मी सकाळी ब्रश करता करता भिंतीवरून मोजायची, अन् पेस्ट कडू लागायची.

"काय व पिंके, काय पाहून राह्यली?"

"काही नाही काकू, तुमचे पाहुणे मोजून राह्यली."

"तुह्या झाडाची नसन ओळख झाली त्याईले. होईन."

होईन म्हणे. असा जीव जळला सांगू, पण तोंडावर हसली.

त्यात गावातल्या निसर्गवाल्या मंडळीनं ठरवलं की एका रविवारी घरोघरच्या बागा पाहायच्या अन् सगळ्यात चांगल्या बागेच्या फाटकावर 'फुलपाखरांचं घर' अशी पाटी लावायची. मी लगेच नाव देलं. काकूंनी देलंच नाही. तरी त्या मंडळीतल्या मॅडम मले फोनवर काय म्हणाव्या? "तुमच्या शेजारीही रुई आहे ना, तीही बघू." मले त्या पाटीशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. अन् आता मधात काकू.

पंधरा दिवस राह्यले असतीन. सकाळी पाह्यलं तं माझ्या रुईची पानं खाल्लेली. उलटून पाह्यलं तं अळ्या. पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, अंगावर काळी शिंगं.

तुम्ही म्हणाल, शाळेत नव्हती का शिकली? शिकली होती ना. अळी, मग कोश, मग फुलपाखरू, चित्र काढून पूर्ण मार्क घेतले होते. पण वहीतली अळी वेगळी अन् झाडावरची वेगळी. आमच्याकडे सोयाबीनवर अळी, तुरीवर अळी. अळी म्हटलं की माणूस फवारणीचा पंप शोधते. मी सरळ किन्हीराजा गावात नानाकाकाले फोन लावला. ते आमचे शेतीवाले.

"किती हायेत?"

"बावीस."

"मोजल्या कायले? फवार ना."

"फवारलं तं फुलपाखरं येणार नाहीत काका."

"मंग हातानं वेच. अन् ऐक, दुसऱ्याच्या वावरात टाकू नको. तसं करत नसतात."

काका बिचारे चांगलं सांगत होते. पण मले तोपर्यंत हे सुचलंच नव्हतं.

दुपारी काकू झोपल्या असतीन म्हणून मी अळ्या डब्यात घेतल्या अन् भिंतीवर चढली. फेकल्या असत्या तं खाली पडल्या असत्या, म्हणून एकेक अळी त्यांच्या रुईच्या पानावर नीट ठेवली. पंगतीत बसवावं तशी. बावीसच्या बावीस.

आठ दिवसांत काकूंच्या रुईची अर्धी पानं गेली.

"काकू, झाडाले काय झालं व?" माझा आवाज ऐकायले पाहिजे होता तुम्ही, नुसता साखरेचा.

"खाऊ दे बाई, त्याईलेही पोट हाये. माळेसाठी आणतो मी दुसरीकडून पानं."

थोडी लाज वाटली. थोडीच. मग मी घरात जाऊन माझ्या रुईची पानं ओल्या फडक्यानं पुसली.

रविवारी मॅडम आल्या, संग दहा-बारा लोकं. माझं झाड पाह्यलं, एकेक पान उलटून पाह्यलं.

"झाड छान आहे. पण ह्याच्यावर कोणीच कसं राहत नाही? औषध मारता का?"

"नाही मॅडम, स्वच्छता ठेवते."

मग सगळे काकूंकडे गेले, मीही मागं मागं. अन् तिथं काय? उरलेल्या पानांखाली कोश लटकलेले, हिरवे, सोन्याचे ठिपके लावल्यासारखे. दोन तं तेव्हाच फुटले होते अन् त्यातली फुलपाखरं नारिंगी पंख वाळवत बसली होती.

"ही ह्या रुईवरच्याच अळ्यांची फुलपाखरं," मॅडम म्हणाल्या. "काकू, आधी कधी अळ्या नव्हत्या?"

"नाही बाई. मी दर शनिवारी पानं तोडतो."

"म्हणजे अंडीही माळेत जात असतील. मग एवढ्या एकदम कुठून आल्या?"

मी हळूच फाटकाकडे सरकली.

"ह्या पोरीनं देल्या," काकू म्हणाल्या. "मी खिडकीतून पाह्यलं. भर उन्हात भिंतीवर चढून, एकेक पानावर ठेवून राह्यली होती, लेकराले पाळण्यात ठेवावं तशी. सोताच्या झाडावरच्या सगळ्या मले देल्या बाई तिनं."

काकूंचे डोळे भरून आले. मॅडमचेही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अन् मी, काय सांगू, मी म्हणाली, "त्यात काय एवढं."

पाटी काकूंच्या फाटकावर लागली. अन् आता माझ्या रुईवर अळी दिसली रे दिसली की कॉलनीतलं कोणी ना कोणी प्रेमानं विचारते, "पिंके, काकूले नेऊन देली का?"

अन् मी नेऊन देते.