देवडीवरचा दिवा

१९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि माधवगंजात जगदेवरावांच्या घरी विजेचं पहिलं बिल आलं. विलीनीकरणाची बातमी त्यांनी चहा पीत वाचली होती. बिल वाचताना मात्र त्यांना खाली बसावं लागलं. तोवर ते दरबारच्या शिकारखान्यात कामदार होते आणि घरच्या विजेचे पैसे दरबार भरत असे, म्हणून त्यांच्याकडे न्हाणीघरातला दिवा भरदुपारीही जळायचा. आता शिकारखाना बंद झाला. वाघांची सुटका झाली, जगदेवराव एवढ्याशा पेन्शनीत अडकले.

मग त्यांनी काटकसर मनावर घेतली. आंघोळीला माणशी एक बादली, दाढीला फुलपात्रभर पाणी. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं अंगणाला, आणि अंगणात पडलेलं कुठे जातं यावरही त्यांची नजर असे. घरातले पाच बल्ब काढून, फडक्यात गुंडाळून त्यांनी पणजोबांच्या तलवारीशेजारी पेटीत ठेवले. आत सगळ्या घराला मिळून रॉकेलची एक चिमणी राहिली.

बाहेर मात्र देवडीवर साठचा बल्ब दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत झगझगत असे. तो घराण्याचा मान होता. पणजोबांनी कुठल्याशा लढाईत काहीतरी केलं, म्हणून त्यांच्या दारावर रात्रभर दिवा ठेवण्याची मुभा मिळाली होती. काय केलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मान तो मान, आणि बिलही जवळजवळ सगळं त्या मानाचंच.

या उजळ दाराच्या आतल्या अंधारात त्यांच्या पत्नी शालिनीताई अभ्यास करत होत्या. माहेरी, देवासला, त्या शाळेची मिडलची परीक्षा पास झाल्या होत्या. आता बत्तिसाव्या वर्षी त्यांनी शिक्षिकांच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरला होता. प्रवेशपरीक्षा मार्चमध्ये, सगळी हिंदीतून. पास झाल्या तर घरात पगार येणार होता, नाहीतर यजमानांची काटकसर होतीच. दिवस पाणी भरण्यात आणि तेच पाणी चारदा वापरण्यात जाई. वाचायला उरे ती संध्याकाळ, आणि संध्याकाळी चिमणीच्या धुराने डोळ्यांना धारा लागत.

"अहो, तो बाहेरचा बल्ब दोन तास आत आणू या का?" त्यांनी विचारलं.

"देवडी अंधारात? लोक म्हणतील, घर बुडालं!"

"लोकांना आतून बघायला बोलवू नका म्हणजे झालं," शालिनीताई म्हणाल्या.

जगदेवरावांनी ऐकलं नाही. परीक्षेला महिना राहिला तेव्हा एका संध्याकाळी शालिनीताईंनी पुस्तक उचललं, पाट उचलला, देवडीचं दार सताड उघडलं आणि बल्बखाली ओट्यावर जाऊन बसल्या. त्या घरातली बाई तीन पिढ्यांत ओट्यावर बसली नव्हती. बाहेर जायचं तर पडदा लावलेल्या टांग्यातून. समोरून जाणारा भाजीवाला गाडा थांबवून म्हणाला, "बहूजी, कुछ चाहिए?"

"रोशनी चाहिए थी, मिल गई," त्या मान वर न करता म्हणाल्या.

जगदेवराव धावत बाहेर आले. ओरडणार होते, पण त्या उजेडात त्यांना बायकोचे डोळे दिसले. लाल, सुजलेले. घरात ते कधी दिसले नव्हते, कारण घरात दिसण्यासारखं त्यांनी काही ठेवलंच नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. तरी शरण जातानाही सरदारी तोऱ्यात जायचं म्हणून ते स्टुलावर चढले, तापलेला बल्ब तसाच हाताने काढला, बोटं पोळून घेतली आणि तो आत नेऊन लावला.

दुसऱ्या दिवसापासून ते लोकांच्या टोमण्यांची वाट पाहू लागले. उत्तरंही तयार ठेवली होती. बाड्यावरच्या बाजारात गेले, देवळात गेले, मुद्दाम चारचौघांत रेंगाळले. कुणी चकार शब्द काढला नाही. ही लोकांची खानदानी सभ्यता आहे, असं त्यांनी ठरवलं आणि गल्लीबद्दल त्यांना पहिल्यांदाच आदर वाटला.

मे महिन्यात निकाल लागला. शालिनीताई पास झाल्या. पेढे घ्यायला शेजारचे मानसिंगराव आले, ते हातात एक कागद घेऊनच. जगदेवरावांना राहवलं नाही.

"मानसिंगराव, आमची देवडी तीन महिने अंधारात आहे. तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत, फार उपकार झाले."

मानसिंगरावांचा पेढा हातातच राहिला. "म्हणजे तो बल्ब तुमचा होता काय? आम्ही तर समजत होतो, म्युनिसिपालिटीचा आहे! तीन महिन्यांपासून बंद पडलाय, कुणी पूछताछ करत नाही, म्हणून सगळ्या मोहल्ल्याची ही दरख्वास्त घेऊन फिरतोय. तुमचीच सही राहिली होती."

आतून शालिनीताईंचं हसू ऐकू आलं. पणजोबांपासूनचा मान त्या कागदावर सतरा सह्यांनिशी म्युनिसिपालिटीच्या नावावर चढला होता. जगदेवरावांनी सह्या वरपासून खालपर्यंत मोजल्या. मग म्हणाले, "पेन द्या."

आणि अठरावी सही त्यांनी केली.