पंचमीबाबूंची चतुर्थी

आमच्या ह्यांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली, तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. मिरजेच्या पलीकडे मी फार तर पुणं पाहिलेलं. भवानीपूरच्या गल्लीत ज्या तिमजली घरात आम्हाला जागा मिळाली, तिथे मधल्या मजल्यावर एक मराठी गृहस्थ राहतात असं कळलं आणि माझ्या जिवात जीव आला. पहिल्याच संध्याकाळी मी चिवड्याचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी डबा उघडला, वास घेतला आणि विचारलं, "साखर घातलीय ना?" मी हो म्हटल्यावर म्हणाले, "मग या आत."

हे दिगंबर खांबेटे. पुढे मी त्यांना काकाच म्हणू लागले. जन्मानंच कलकत्तेकर. वडील रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इकडचेच होऊन गेले. काका डलहौसी चौकातल्या एका विमा कंपनीत होते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ट्राम ठरलेली, ट्राममधली खिडकी ठरलेली आणि छत्री बाराही महिने बगलेत. मासळीवाल्याशी बंगाली, देवाशी मराठी आणि लाइट गेले की अंधाराशी इंग्रजी बोलायचे. त्या काळी लाइट रोजच जायचे, त्यामुळे त्यांचं इंग्रजी चांगलं राहिलं होतं. एकूण माणूस असा नाकासमोर चालणारा, की समोरून गाय आली तरी आधी तिला वाट देतील आणि मग तिची माफी मागतील.

पण हाच माणूस वर्षातून एक दिवस पिसाळायचा. तो दिवस म्हणजे रंगपंचमी.

आता कलकत्त्यात रंगपंचमी कुठली? तिथे रंग खेळतात दोलपौर्णिमेला. हिंदी बोलणारी मंडळी दुसऱ्या दिवशी खेळतात. की झालं, कपडे धुऊन वाळत, गल्ली धुऊन मोकळी आणि सगळं शहर पुन्हा सभ्य. पळस-सावरीची फुलं तेवढी फुललेली राहतात आणि बाजारात शेवग्याच्या फुलांचे ढीग लागतात. दोलच्या सकाळी अख्खी गल्ली लाल-हिरवी होऊन नाचत असताना काका पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात गच्चीत उभे राहायचे. कुणी अबीर घेऊन आलंच, तर कपाळावर बोटभर लावून घ्यायचे आणि म्हणायचे, "आज नाही. आमचं पंचमीला." पोरांनी त्यांचं नाव पंचमीबाबू ठेवलं होतं, आणि काकांना ते मनातून आवडायचं.

पंचमीला काकांचं सावज एकच असे. तळमजल्यावरचे शरच्चंद्र मास्तर. शाळेत भूगोल शिकवायचे. दोघं तरुणपणी फुटबॉलच्या मैदानावर एकाच संघासाठी ओरडत मोठे झाले, आणि पुढे एका घरात वरखाली राहायला आले. मास्तरांची एकुलती एक मुलगी मिनती काकांच्या थालीपिठांवर वाढली. वडिलांच्या थोरल्या भावाला बंगालीत म्हणतात तसं ती त्यांना जेठू म्हणायची. रविवारी काकांचं पान मास्तरांकडे असायचं. काकांच्या घरी घड्याळ होतं, रेडिओ होता, पण हाक मारायला दुसरं माणूस नव्हतं. ती हाक तळमजल्यावरून यायची.

तर दोलच्या दिवशी मास्तर काकांना रंग लावणार आणि पंचमीला काका त्याची परतफेड करणार, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. परतफेड कधी आणि कुठून होईल ते मात्र सांगता येत नसे. एकदा काका पाण्याच्या टाकीमागे दडले होते. एकदा त्यांनी दूधवाल्याचं मुंडासं बांधलं होतं. मास्तरही काही कमी नव्हते. ते त्या दिवशी घरात शिरताना आधी छत्री उघडायचे. समोरच्या बाल्कन्यांतून बायका पोळपाट बाजूला सारून बघायला उभ्या राहायच्या.

रंगही साधासुधा चालायचा नाही. काका हावड्याच्या पुलाखालच्या फुलबाजारातून पळसाची फुलं आणत, रात्रभर भिजवत, सकाळी चिमूटभर चुना घालून उकळत. केशरासारखं पाणी व्हायचं. ते किटलीत भरायचं आणि आजोबांच्या पितळी पिचकारीनं उडवायचं. पिचकारी हातभर लांब. तिचा दट्ट्या मागे ओढताना काकांचा चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा उजळायचा.

त्या वर्षी होळी लवकर आली होती. पंचमीच्या दुपारी काका अर्धी रजा टाकून घरी आले आणि मला म्हणाले, "लीना, यंदा तू किटली धर." मी कशाला नाही म्हणते? आम्ही जिन्याच्या वळणावर दगडी कोळशाच्या पोत्यांमागे दबा धरून बसलो.

फाटक वाजलं. मास्तर आत आले, आणि ते ध्यान बघून काकांना हसू आवरेना. चुणीदार धोतर, इस्त्रीचा पंजाबी म्हणजे बंगाली झब्बा, केसांना तेल. छत्रीचा पत्ता नाही. "विसरला लेकाचा!" काका माझ्या कानात पुटपुटले आणि त्यांनी दट्ट्या ओढला. मास्तर जिन्यापाशी आले. काकांनी नेम धरला. आणि नेमक्या त्याच क्षणी मास्तर अदबीनं बाजूला झाले, हात पुढे करून म्हणाले, "आपण आधी."

मागून एक उंच, जाड मिश्यांचे गृहस्थ पुढे आले. दुधाळ रंगाचा रेशमी पंजाबी. पिचकारीचा सगळा फवारा त्यांच्या छातीवर बसला.

त्यांच्यामागे त्यांची पत्नी होती, आणि तिच्यामागे मिठाईचं मडकं धरलेला एक तरुण. मुलगी बघायला आले होते! मिनतीला! बराकपूरचे ज्योतिर्मयबाबू, एका कारखान्यातले निवृत्त फोरमन, आणि त्यांचा मुलगा. दृष्ट लागू नये म्हणून मास्तरांनी घरात कुणाला बोलूही दिलं नव्हतं. काकांनासुद्धा नाही.

ज्योतिर्मयबाबूंनी एकदा छातीकडे पाहिलं, एकदा पिचकारीकडे पाहिलं. पिचकारीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग वळले आणि फाटकाबाहेर पडले. मिठाईचं मडकंसुद्धा परत गेलं.

मास्तरांचा आवाज फुटला तो त्यानंतर. "आज चतुर्थी आहे रे, गाढवा!"

"पंचमी!" काका म्हणाले.

"चतुर्थी! उद्या पंचमी, म्हणून तर त्यांना आज बोलावलं!"

दोघंही आपापल्या घरात धावले आणि आपापलं पंचांग घेऊन जिन्यात परत आले. काकांचं पुण्याहून पोस्टानं आलेलं, मास्तरांचं गुलाबी वेष्टनातलं बंगाली. काकांच्या पंचांगात आज पंचमी होती. मास्तरांच्या पंचांगात आज चतुर्थी होती. दोन्ही छापील आणि दोन्ही खरी.

"सूर्योदयाला जी तिथी, ती त्या दिवसाची," मास्तर म्हणाले. "कलकत्त्याला सूर्य तासभर आधी उगवतो. तो उगवला तेव्हा चतुर्थी होती. तुझ्या पुण्यात उगवेपर्यंत पंचमी लागली. सबंध आयुष्य इथे काढलंस, दिगंबर, आणि सूर्य मात्र पुण्याचा बघतोस?"

इतकी वर्षं हा फरक कधी आडवा आला नव्हता. आला असेल तरी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. काकांनी पंचांग मिटून बगलेत धरलं.

"तीन दिवसांनी आमचा चैत्र लागतो. चैत्रात आम्ही लग्नाचं बोलत नाही. तोवर ते दुसरी मुलगी बघतील," मास्तर म्हणाले. "तू माझ्या दाराशी येऊ नकोस. तुझं पुणं तुला लखलाभ." त्यांनी दार लावून घेतलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं मी पुष्कळदा ऐकलं होतं, पण मारुती होताना पहिल्यांदाच पाहिला. मला मास्तरांचा रागही आला आणि काकांचाही, आणि खरं सांगायचं तर हसूही येत होतं, आणि हसू येतंय म्हणून स्वतःचाही राग आला.

संध्याकाळी मिनती गुपचूप वर आली. मला वाटलं, ही आता रडणार. ती काकांच्या चुलीशी बसली आणि म्हणाली, "जेठू, मी खिडकीतून बघत होते. सगळे दगडासारखे उभे होते. तो मात्र मागे मडक्यात तोंड खुपसून हसत होता." आणि हळूच म्हणाली, "बरा होता हो." मग पदराशी चाळा करत तिनं बराकपूरचा पत्ता सांगितला. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. काका धुतलेल्या धोतरात आणि कोऱ्या पांढऱ्या सदऱ्यात उभे. एका हातात किटली, दुसऱ्या हातात पिचकारी. "लीना, चल बराकपूरला. सोबत बाईमाणूस असलं की लोक दार तरी उघडतात."

"काका, पुन्हा रंग? ते लोक पोलीस बोलावतील!"

"आज त्यांच्याकडे पंचमी आहे," काका म्हणाले. एवढंच.

शियालदाहून लोकलमध्ये बसलो. वाटेत रुळांच्या कडेनं सावरीची झाडं लाल झाली होती, पण बघायचं कुणाला सुचत होतं? काका किटली मांडीवर घेऊन देवाचं तीर्थ न्यावं तसे बसले होते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "चहा?" काका म्हणाले, "नाही. माफी."

ज्योतिर्मयबाबूंनी स्वतःच दार उघडलं. मला पाहून ते लावता लावता थांबले. काका खाली वाकून म्हणाले, "काल माझ्याकडून अपराध झाला. आमच्यात कुणी रंग उडवला, तर समोरच्यानं परत उडवायचा असतो. नाही उडवला, तर तो कायमचा रागावला असं होतं. आपण माझ्यावर रागवा, मी त्याच लायकीचा आहे. पण मिनतीवर नको. ही पिचकारी, हा रंग." आणि काका चक्क त्यांच्या पायरीवर बसले. "माझ्या अंगावर हा पडल्याशिवाय मी उठणार नाही."

शेजारची दारं उघडली. कुणी तरी विचारलं, काय झालं? दुसऱ्यानं सांगितलं, रंग मागायला आलाय. ज्योतिर्मयबाबूंच्या मिश्या थरथरल्या. त्यांनी पिचकारी उचलली. मला वाटलं, आता ही काकांच्या डोक्यात बसते. पण ते ती उलटीपालटी करून बघायला लागले. दट्ट्या ओढला, सोडला. कानाशी नेला. पुन्हा ओढला.

"ह्याचं चामडं कधी बदललंय?" त्यांनी दरडावून विचारलं.

"आजोबांनी बसवलं होतं," काका म्हणाले.

"तेल?"

काकांनी कान धरले.

"कालच मला वाटलं! फवारा डावीकडे गेला. मी समोर होतो आणि लागला छातीच्या डाव्या बाजूला. असलं हत्यार घेऊन माणूस बाहेर पडतो?" आणि ते पिचकारी घेऊन आत गेले.

आम्ही पायरीवर बसून राहिलो. आतून ठोकण्याचा आवाज यायला लागला. मुलगा बाहेर आला, आम्हाला पाणी देऊन दाराशी रेंगाळला. हळूच मला म्हणाला, "दीदी, मिनती... ती काल रागावली का?" मी म्हटलं, "ती रागावली नाही. तुम्ही मडक्यात हसत होता, ते तिनं पाहिलंय." तो कानापर्यंत लाल झाला. त्याच्यावर रंग उडवायची गरजच नव्हती.

ज्योतिर्मयबाबू बाहेर आले. नवं चामडं, तेल, पितळ घासून लखलखीत. त्यांनी किटलीत पिचकारी बुडवली, दट्ट्या ओढला, एक डोळा मिटला. फवारा काकांच्या बरोब्बर छातीच्या मध्यावर बसला. "आता सरळ!" ते ओरडले, आणि पहिल्यांदा त्यांचे दात दिसले. मग दुसरा फवारा, मग तिसरा, आणि शेवटी किटलीच त्यांनी काकांच्या डोक्यावर पालथी केली. गल्लीतली माणसं टाळ्या वाजवत होती. काका नखशिखांत केशरी होऊन हात जोडून उभे होते, आणि हसत होते की रडत होते ते मला कळेना.

निघताना ज्योतिर्मयबाबू म्हणाले, "चैत्र लागायच्या आत येतो. उद्याच. पिचकारी मात्र आतच ठेवा."

परतीच्या गाडीत काकांच्या शेजारी कुणी बसेना. संध्याकाळी भवानीपूरला पोचलो तरी त्यांचे कपडे ओलेच होते. फाटक उघडलं, आणि काका जागच्या जागी थांबले.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर शरच्चंद्र मास्तर बसले होते. अंगात जुनाट, विरलेला बनियन. छत्री बाजूला मिटून ठेवलेली. किती वेळ बसले होते कोण जाणे, डास मारून मारून दंड लाल झाला होता. समोरच्या बाल्कन्यांत बायका उभ्या होत्या.

"आज पंचमी," मास्तर काकांकडे न बघता म्हणाले. "सकाळपासून बसलोय. कुठे होतास?"

काकांनी किटली उलटी करून दाखवली. एक थेंब पडला नाही. मग ती जमिनीवर ठेवून ते पुढे झाले आणि त्यांनी मास्तरांना ओल्या अंगानिशी घट्ट मिठी मारली. मास्तरांनी आधी ढकललं, मग ढकलायचं सोडून दिलं. बनियनवर केशरी डाग पसरत गेला. खिडकीत मिनती उभी होती.

बऱ्याच वेळानं मास्तर बाजूला झाले. स्वतःच्या छातीकडे बघितलं, मग काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पण तुला कुणी रंगवलं, दिगंबर?"

काकांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"तुझ्या व्याह्यांनी," ते म्हणाले.