दुसरा ब्रेड

मी तोडलेला ब्रेड काकूंनी घेतला नाही.

गोल, काळपट, आंबट वासाचा, राय नावाच्या धान्याचा ब्रेड. लाकडाच्या फळीवर एकच. वाढणाऱ्या मुलीने तो माझ्यासमोर ठेवला आणि सांगितलं, हा सुरीने कापायचा नाही, एकाने हाताने तोडायचा आणि शेजारच्याला द्यायचा, आमची तशी पद्धत आहे. मी तोडला. वाफ आली. एक तुकडा निखिलसमोर ठेवला, फळी काकूंकडे सरकवली. काकूंनी दोन्ही हात मांडीवर घेतले.

"नको गं. मला ग्लूटेन चालत नाही."

मग त्या मुलीला खुणेने बोलावून इंग्रजीत म्हणाल्या, "आम्हाला अजून एक ब्रेड मिळेल? अख्खा. न तोडलेला."

तो आला. काकूंनी तोडला. काकांना दिला. निखिलला दिला. उरलेला स्वतः खाल्ला. वर लोणी लावून. ग्लूटेनसकट.

मी निखिलच्या हाताकडे बघत होते. माझा तुकडा त्याच्यासमोर पडला होता. त्याने आईच्या हातातला घेतला.

काका-काकू म्हणजे निखिलचे आईवडील. शिकागोजवळच्या नेपरव्हिलचे. काका हृदयाचे डॉक्टर, आता रिटायर झालेत. काकू तिथल्या मराठी मंडळात पहिल्यापासून. निखिल तिकडेच जन्मला, वाढला. मी परभणीची. वडील बस डेपोत मेकॅनिक. शिकायला अमेरिकेत आले, आता सिएटलजवळ बॉथेलला एका बायोटेक कंपनीत प्रयोगशाळेत काम करते. निखिल आणि मी लग्न करायचं ठरवलं होतं. ते दोघे मला बघायला विमानाने आले होते. बघायला हा शब्द त्यांनी वापरला नाही. "लेट्स जस्ट हॅव अ नाइस डिनर," असं म्हणाले.

रेस्टॉरंट त्यांनीच निवडलं. सिएटलमध्ये, बॅलर्डला. नॉर्डिक. आदल्या उन्हाळ्यात दोघे नॉर्वे-डेन्मार्क करून आले होते आणि तेव्हापासून त्यांना दुसरं जेवण गोड लागत नव्हतं. तिथे मेन्यू विचारत नाहीत. ते आणतील ते खायचं. एकामागून एक घासभर पदार्थ येतात आणि प्रत्येक घासाआधी कुणीतरी येऊन भाषण करतं. खुर्च्यांवर मेंढीची कातडी. एक पदार्थ दगडावर आला, एक शेवाळावर. माझी आई म्हणाली असती, यांनी भांडी विकली का काय?

काका-काकू मात्र देवळात बसल्यासारखे बसले होते. घास तोंडात गेला की डोळे मिटायचे.

मग हरणाचं सुकवलेलं मांस आलं. पातळ पट्ट्या. काड्यांचा एक इवलासा मांडव, त्याला दोऱ्याने टांगलेल्या. काकूंनी फोटो काढला. काकांनी वास घेतला. "वाऱ्यावर वाळवतात," काका मला समजावून सांगू लागले. "हजार वर्षांचं टेक्निक आहे हे."

मला हसू आलं. आमच्या घरामागे दोरीवर हेच असायचं. चान्या. बैलाच्या मांसाच्या. आई त्यांच्यावर जुनं लुगडं टाकायची. कावळ्यांसाठी नाही. शेजारच्या गुरुजींच्या बायकोसाठी. ती बाई खिडकी धाडकन लावून घ्यायची आणि आतून ओरडायची, "आधी ती घाण काढा तिथून!" मी शाळेतून यायचे तर आई दोरीसमोर उभी असायची. पाठ रस्त्याकडे करून. जशी काही कपडे वाळत घालतेय.

आणि इथे त्याच पट्ट्यांचे फोटो.

तरी मी गप्प बसले. पुढचा पदार्थ सांगायला शेफ स्वतः आला. दाढीवाला, हातभर गोंदलेलं. रक्ताचं धिरडं होतं. डुकराच्या रक्तात पीठ कालवून केलेलं, वर लाल आंबट बेरी. त्याने सांगितलं, आमची आजी गरीब होती, जनावर कापलं की त्यातलं काहीही फेकायची नाही, रक्तसुद्धा नाही. सांगताना त्याचा आवाज भरून आला. काकूंचेही डोळे भरले.

"बघ निखिल," त्या म्हणाल्या. "याला म्हणतात कल्चर. किती ऑथेंटिक!"

मला खरंच आनंद झाला होता. म्हणून बोलले. "काकू, माझी आई हेच करायची. आम्ही रक्ती म्हणतो. रविवारी खाटकाकडून बोकडाचं रक्त आणायचं. ते थिजलं की वड्या कापायच्या, उकळायच्या आणि कांदा-तिखटात परतायच्या. याच्यापेक्षा भारी लागते."

काकूंचा काटा थांबला.

"तुम्ही परभणीचे ना? म्हणजे मराठा?"

"नाही. आम्ही बौद्ध."

"अच्छा. म्हणजे..."

"हो काकू. म्हणजे तेच."

निखिलला सगळं माहीत होतं. पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. "पेरेंट्सना मी हळूहळू सांगतो," असं तो म्हणाला होता. आता तो पाण्याच्या ग्लासात बघत होता.

काका हसले. "चला, निदान इथे एम.एस.ला कोटाबिटा नसतो, हे बरंय!" त्यांना तो विनोद वाटला.

काकू हळू आवाजात मला समजावू लागल्या. "हे वेगळं गं. यांची ती परंपरा आहे. तुमच्याकडे तो नाइलाज होता."

म्हणजे गोऱ्याच्या आजीची गरिबी परंपरा. माझ्या आईची गरिबी घाण. डुकराचं रक्त यांच्या ओठांना लागलं होतं, आणि विटाळ माझा होत होता.

त्याच्यानंतर आला तो ब्रेड.

दुसरा ब्रेड तोडून खाऊन झाला तेव्हा ती वाढणारी मुलगी परत आली. पहिल्या ब्रेडची फळी तशीच बघून तिने मला विचारलं, हा ब्रेड आवडला नाही का?

मी इंग्रजीत सांगितलं. सावकाश, तिला नीट कळेल असं. "ब्रेड चांगला आहे. पण मी हात लावला म्हणून हे लोक तो खाणार नाहीत. हे ज्या जातीत जन्मले तिला वाटतं की माझ्या जातीच्या हाताने अन्न बाटतं. म्हणून यांनी दुसरा मागवला."

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली.

काकांचा चेहरा पांढरा पडला. "हळू बोल! इथे असं काही बोलायचं असतं का?" मग त्या मुलीकडे बघून घाईघाईने म्हणाले, "वुई डोन्ट बिलीव्ह इन ऑल दॅट. मी सगळ्या रंगाचे पेशंट तपासलेत."

दुसरा ब्रेड मागवताना लाज वाटली नाही. गोऱ्या मुलीला कळलं तेव्हा वाटली. इतकी वर्षं मी अशा लोकांना मोठं समजत होते. शिकलेले, जग बघितलेले. समोर बघितलं तर एक घाबरट म्हातारा आणि ओठाला लोणी लागलेली एक बाई. यांच्या पसंतीसाठी मी नवा ड्रेस घेतला होता.

मी फळीवरचा ब्रेड उचलला, पर्स घेतली आणि निघाले.

निखिल पार्किंगमध्ये धावत आला. "तू सीन केलास यार. इट्स जस्ट ब्रेड."

"मग माझ्या हातचा का नाही खाल्लास?"

मी एक तुकडा तोडून त्याच्यापुढे धरला. त्याने मागे वळून दाराकडे बघितलं. आई बघतेय का ते. मी तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि गाडी सुरू केली.

नंतर त्याचे खूप मेसेज आले. एकालाही उत्तर दिलं नाही. थंडी पडली आणि एका रविवारी काकूंचाच फोन आला. तिकडे खूप बर्फ पडलाय, म्हणाल्या. मग मुद्द्यावर आल्या.

"निखिल जेवत नाही गं नीट. आम्ही दोघांनी खूप विचार केला. आमची लग्नाला हरकत नाही. फक्त एक. आमच्या मंडळात ते सगळं बोलू नकोस. परभणीची आहेस एवढं पुरे. लोकांना काय करायचंय बाकीचं?"

"काकू, मी बोलणार. तुमच्या मंडळात कधी आले तर तिथेही बोलणार. निखिलशी लग्न मात्र करणार नाही."

"अगं, पण आम्ही तयार आहोत!"

"मी तयार नाही."

फोन ठेवला. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

त्यानंतर इकडे बेलव्ह्यूला, बॉथेलला मराठी घरांत जेवायला जाणं होतंच. कुठल्या तरी काकू गोड आवाजात विचारतातच, "तुम्ही नक्की कुठले?" गाव विचारायचं नसतं त्यांना. मी गाव सांगत बसत नाही. जात सांगते, सरळ, पहिला घास घ्यायच्या आधी. मग त्यांची विचारते. उत्तर येईपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत राहते. जेवण थांबलं तर थांबू दे.