चिंध्या बांधलेले बैल

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या सकाळी हुडकेश्वरमधल्या आमच्या गल्लीतून मुलांच्या लाकडी बैलांची मिरवणूक निघाली आणि तिचा आवाज झाला नाही. बैल होते, मुले होती, आंब्याच्या पानांचे तोरणही होते. फक्त आवाज नव्हता. लग्नाची वरात, भाजीवाला आणि मोकाट कुत्री या तिघांनाही गप्प करू शकणारी साऱ्या नागपुरात एकच बाई आहे आणि ती आमच्या समोरच्या घरात राहते. गल्ली त्यांना समोरच्या वहिनी म्हणते.

वहिनी मिक्सर आणि पंखे बनवणाऱ्या एका कंपनीत फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकतात. कंपनीचे ऑफिस बुटीबोरीकडे. आधी ऑटो, मग बस, मग फाट्यापासून पुन्हा ऑटो; संध्याकाळी हेच उलटे. पगाराचा मोठा हिस्सा भाड्यातच जायचा. "मी कंपनीत नाही, रस्त्यावर नोकरी करून राहिली," असे त्या म्हणायच्या. मग त्यांच्या सासऱ्यांना, मामाजींना, अर्धांगवायू झाला. रामटेककडे आयुष्यभर धान पिकवून म्हातारपणी मुलाच्या घरी राहणारा हा माणूस खाटेवर आला आणि वाचाही गेली. वहिनींनी त्यांच्या चालत्या हाताशी त्यांच्याच शेवटच्या बैलजोडीची पितळी घंटी ठेवली. पाणी हवे असेल, कूस बदलायची असेल, तर वाजवायची. पण घंटी ऐकायला घरात कोणीतरी हवे, आणि यजमान दिवसभर इतवारीतल्या दुकानात. वहिनींनी घरून काम मागितले, ते मिळाले, आणि आमच्या गल्लीवर त्यांचे राज्य सुरू झाले.

राज्याचा पहिला कायदा ओढणीचा. फाटकावर लाल ओढणी असेल तर वहिनी फोनवर आहेत, हिरवी असेल तर बोलायला हरकत नाही. लाल ओढणी दिसली की भाजीवाला आरोळी गिळतो, दोन हातांत दुधी आणि वांगी उंच धरून खिडकीसमोर उभा राहतो आणि वहिनी फोनवर बोलता बोलता बोटांनी किलो सांगतात. कुत्र्यांना काम सुरू होण्याआधी पोळी मिळते. ही लाच असल्याचे वहिनी नाकारत नाहीत. चार पावलांवरच्या टेबलाशी जाताना त्या इस्त्रीची साडी नेसतात आणि गळ्यात कंपनीचे ओळखपत्र घालतात. एकदा यजमानांनी कामाच्या वेळेत चहा मागितला. "आपली विनंती नोंदवली आहे, आमचा प्रतिनिधी लवकरच संपर्क करील," असे उत्तर आले. यजमानांनी चहा कोपऱ्यावरच्या टपरीवर घेतला आणि तिथे छाती काढून सांगितले, "भाऊ, आपल्या घरीच हेड ऑफिस हाय."

फोनवरच्या वहिनी आणि खिडकीतल्या वहिनी या दोन वेगळ्या बायका आहेत. "गैरसोयीबद्दल क्षमस्व, कृपया लाइनवर राहा," असे साखरेच्या पाकातले मराठी संपते, आवाज बंद करण्याचे बटण दाबले जाते आणि खिडकी उघडते, "काहून गा, हॉर्न वाजवून राहिला? कोणाची वरात आली काय?" तो मोटारसायकलवाला तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करून गाडी ढकलत आणतो. खरी वरात आली तेव्हा बँडवाले ओठांना वाद्ये लावून, न फुंकता, शिस्तीत पुढे गेले. नवरदेव थोडा नाराज होता.

गेल्या पावसाळ्यात कंपनीने सगळ्यांना ऑफिसात परत बोलावले. ज्यांच्या फोनवर घरचा आवाज येत नाही त्यांनाच घरून काम करता येणार होते. पुण्याचा एक अधिकारी ठरावीक दिवशी सगळे फोन ऐकणार होता, आणि त्याने दिवस निवडला तो तान्ह्या पोळ्याचा. पुण्याला तान्हा पोळा नसतो. नागपुरात त्या दिवशी मुले चाकांचे लाकडी बैल खडखडत दारोदार नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळाल्याशिवाय दारातून हलत नाहीत.

"वहिनी, दिवस बदलून मागा ना," मी म्हणालो.

"अन् काय सांगू? आमच्या इथं पोट्ट्यांचे लाकडाचे बैल येतात म्हणून? त्याले वाटेल, बाई बहाणे करून राहिली."

"मग?"

"मग काही नाही. परवानगी गेली तर नोकरी सोडीन. मामाजीले घंटी वाजवत एकटं ठेवून मी बुटीबोरीले जात नाही."

हे गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. कोणी बैठक घेतली नाही. आदल्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या आजी जुने लुगडे फाडत बसलेल्या दिसल्या.

"काय करून राहिल्या, आजी?"

"बैलाईले जोडे करून राहिली, बापा."

सकाळी प्रत्येक बैलाच्या चाकांना चिंध्या बांधलेल्या होत्या. मुले तोंडावर बोट ठेवून चालत होती. सगळ्यांत लहान मुलीने बैलाच्या तोंडावरही हात ठेवला होता. वहिनींच्या खिडकीशी मिरवणूक थांबली, कारण दर वर्षी पहिला बोजारा मामाजी देत. मामाजींनी खाटेवरून बैल पाहिले आणि घंटी वाजवली. पाण्यासाठी ती दोनदा वाजते. ही थांबेना.

वहिनी तेव्हा मौद्याच्या एका गृहस्थांची मिक्सरची तक्रार ऐकत होत्या. आवाज बंद करण्याचे बटण बोटाखाली होते. ते दाबले नाही, असे त्यांनी नंतर स्वतःच सांगितले.

"मॅडम, तिकडे बैल हाय का?" गृहस्थांनी विचारले.

वहिनींचे ऑफिसचे मराठी तिथे संपले. "हो ना, भाऊ. आमच्या मामाजीचा तान्हा पोळा हाय. बहुत दिवसांनी हसून राहिले ते."

"मग वाजू द्या ना, बाई. मिक्सरचं काय, आज पाट्यावर वाटून घेऊ."

काही दिवसांनी पुण्याहून निकाल आला. परवानगी कायम. शेरा होता: एका कॉलवर घंटीचा आवाज, ग्राहकाची हरकत नाही. वहिनींनी तो यजमानांना, मला आणि भाजीवाल्याला वाचून दाखवला. भाजीवाल्याला दोनदा.

मामाजी या उन्हाळ्यात गेले. घंटी आता कॉम्प्युटरशेजारी असते. आता बुटीबोरीला जायला अडचण नाही, तरी वहिनी गेल्या नाहीत. "गल्लीले एवढी शिस्त लावली, ते काय सोडून जाऊ?" असे त्या म्हणाल्या.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला वहिनींनी रजा घेतली आणि सकाळीच फाटकावर हिरवी ओढणी बांधली. मुले आली ती चाकांना चिंध्या बांधून, तोंडावर बोट ठेवून. वहिनी घंटी घेऊन बाहेर आल्या आणि फाटकात उभ्या राहून वाजवू लागल्या. मुले आधी एकमेकांकडे पाहत राहिली. मग सगळ्यांत लहान मुलगी खाली बसली आणि बैलाच्या चाकाची चिंधी सोडू लागली. पहिला बोजारा तिला मिळाला. चिंध्या दुपारपर्यंत फाटकाजवळ पडून होत्या.