पोरीची खुर्ची

"काल रडलीस ना, आज अगदी तशीच रड," मॅडम म्हणाल्या. समोर मुंबईची नवीन माणसं गाद्यांवर गोल करून बसलेली. मध्ये रिकामी खुर्ची. मी हातात झाडू घेऊन तशीच उभी.

कशेळ्याच्या पुढे एका फार्महाऊसवर मी झाडलोट करते. करत होते. तिथं नाटकातून मन बरं करायची शिबिरं भरतात. कोणी चित्रं काढतं. कोणी खुर्चीत बाप बसलाय असं समजून त्याच्याशी भांडतं. आदल्या दिवशी शिबिर घेणाऱ्या मॅडमनी मलाही पुढं बसवलं. "तुझी मुलगी या खुर्चीत आहे. हाक मार तिला."

आमच्या वाडीत दहावा झाला की गेलेल्या माणसाला नावानं हाक मारत नाहीत. ते वाटेवरून माघारी फिरतं, म्हणतात. तरी मी मारली. "सुगंधा, ये गं." आणि बांध फुटला. तिचा ताप, वाडीला नसलेला रस्ता, झोळीत घालून डोंगर उतरताना माझ्याकडं बघत बघत तिचं जाणं, सगळं बोलले. खोटं कशाला सांगू, हलकं वाटलं. त्या दिवशी मला जेवण गेलं.

पण कोणीतरी ते मोबाईलवर घेतलं होतं. सकाळी नव्या पाहुण्यांना चहाबरोबर दाखवून झालं. मग मला बोलावलं.

"मॅडम, ती रोज रोज नाय यायची."

"अगं, नाटकच आहे हे. यांना समजायला नको का?"

एक पाहुणी शेजारणीला म्हणाली, "किती ऑथेंटिक आहे ना ही!"

अंगाची लाही लाही झाली. माझी पोर मेली, ते यांचं नाटक. "मंग तुमचं माणूस बसवा तितं, आन तुमी रडा," म्हटलं. झाडू टाकला आणि निघाले.

काम गेलं. घरात तांदूळ नाही. त्याहून वाईट म्हणजे हाक ऐकून पोर माघारी आली असेल, कुठं बसू विचारत असेल, असं वाटून जीव कासावीस होतो. कशातच मन लागत नाही.

मीच बोलावलंय, तर तिला जागाही मीच देणार. सोमवारी वाडीतल्या बाया आणि मी तीच झोळी खांद्यावर घेऊन कर्जतला जाणार. तालुक्याच्या मोठ्या साहेबासमोरच्या खुर्चीत ती ठेवणार. सुगंधाला हाक मारणार. रस्ता होईपर्यंत झोळी तिथून हलणार नाही, मीही हलणार नाही.

आणि तिथं मी रडणार नाही.