आईसाठी आणलेली टोमॅटोची रोपं

परवा नर्सरीत टोमॅटोचं रोप निवडताना एक पान चुरगळलं. बोटांना लागलेल्या त्या उग्र, हिरव्या वासानं मी थेट नव्वदच्या दशकातल्या शिरूरला पोचले.

आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. अन्न जात नव्हतं, तरी गावरान टोमॅटोची आंबट चटणी मागायची. बी दरवर्षी तीच धरायची. त्या वर्षी दुखण्यात राहून गेलं. म्हणून माझे वडील, आप्पा, मला घेऊन आमच्या गावाहून, कवठ्याहून, शिरूरच्या नर्सरीत आले.

“गावरान रोपं हायती का?”

“आता कोण लावतंय, आप्पा? हायब्रीड न्या. खोड बघा कसं जाड हाय.”

आप्पा बराच वेळ उकिडवे बसून एकेका रोपाची पानं उलटून बघत राहिले. शेवटी ती हायब्रीडच घेतली. ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीत मांडीवर धरली.

फळं पिकेपर्यंत आई पार खंगली होती. आप्पांनी पहिली चटणी स्वतः भरवली.

“गावरानच मिळाली बघ.”

“व्हय, तीच चव हाय,” आई म्हणाली.

ते बाहेर गेल्यावर तिनं माझा हात धरला. “हायब्रीड हाय गं. त्यांना बोलू नगंस. लई जपलीत त्यांनी रोपं.”

थोड्याच दिवसांत ती गेली.

“तिला शेवटपर्यंत कळलं न्हाई,” असं आप्पा पुढं कितीतरी वर्षं सांगायचे. तेव्हा मला ते ऐकवत नसे. आता वाटतं, आईनं त्यांच्यासाठी मागं ठेवलेलं तेवढंच एक समाधान होतं.